मायलेक, दावं आणि पालकत्वाची फाईल

हे प्रकरण एका तालुक्यातलं आहे. गाव, नाती, वयं आणि ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत. कायदे, कार्यालयं आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी ज्या संस्थेत काम करतो, ती या प्रकरणात शेवटपर्यंत होती.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं गाव. घरात ७४ वर्षांच्या विधवा आजी, चाळिशी ओलांडलेला मोठा मुलगा, धाकटा मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडं. मुलगी लग्न होऊन पिंपरीला. मोठ्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. तो मोजकं बोलतो. म्हशीचं वैरण-पाणी चोख करतो, पण पैसे मोजता येत नाहीत आणि गावाबाहेर गेला की रस्ता चुकतो.

वडील गेल्यावर सातबाऱ्याला चौघांची वारस नोंद झाली. पुढे आजींनी आणि मुलीने धाकट्याच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. गावाकडे हे इतकं सवयीचं आहे की नोंदणी झाल्यावर भावाकडून साडीचोळी घेऊन मुलगी त्याच एसटीने परत गेली. मोठ्याचा अंगठा मात्र तिथे चालला नाही. आपण कशावर अंगठा देतोय हे याला कळतं का, असं दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातल्या लिपिकाने विचारलं आणि काम अडलं. त्यामुळे सातबाऱ्यावर दोन नावं राहिली, धाकट्याचं आणि मोठ्याचं. पुढचं बरंचसं प्रकरण या दुसऱ्या नावाभोवती फिरतं, पण सुरुवातीला ते कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हतं.

आजींना श्रावणबाळ योजनेचा आणि मोठ्याला संजय गांधी निराधारचा पगार, म्हणजे मासिक अनुदान, होता. तेव्हा दोन्हींचे दरमहा १५०० रुपये. उसाचं बिल वर्षातून काही हप्त्यांत येतं. त्या घरात दर महिन्याला ठरलेली रोख रक्कम हीच.

कुणाला काय माहीत होतं

नंतर सगळे कागद आणि सगळ्यांचं सांगणं एकत्र मांडलं, तेव्हा असं दिसलं की या घरात काय चाललंय याचा एकेक तुकडा बऱ्याच जणांकडे होता.

शेजारच्या बाळंतिणीला बघायला जाणाऱ्या आशाताईला गोठ्यात मोठा दिसायचा. एकदा तो उठून उभा राहिला, तेव्हा त्याच्या डाव्या घोट्याभोवतीची कातडी सोललेली दिसली. म्हशीचं दावं त्याच्या पायाला होतं. तिने सिस्टरला सांगितलं. पण आशाच्या वहीत गरोदर मातेचा रकाना असतो, लसीकरणाचा असतो, क्षयाच्या संशयिताचा असतो. बांधून ठेवलेल्या माणसाचा नसतो.

बँकमित्राकडे दुसरा तुकडा. पगार जमा झाला की धाकटा दोघांना मोटारसायकलवर घेऊन यायचा. त्या दिवशी आजींची साडी धुतलेली असायची. आजींच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा उठायचा नाही. धाकटा तो पुसून, दाबून पुन्हा मशीनवर ठेवायचा आणि नोटा स्वतःच्या खिशात घालायचा. एका महिन्यात मोठ्याने काउंटरवरचा बिस्किटाचा पुडा उचलला आणि कागदासकट तोंडात कोंबला. बँकमित्र म्हणाला, ‘मला त्या दिवशी कसंतरीच झालं. पण व्यवहार तर बरोबर होता. मी काय लिहिणार?’

ग्रामीण रुग्णालयात आजींच्या मनगटाला प्लास्टर घातल्याचा केसपेपर होता. त्यावर ‘घरी पडून’. सांगणारा धाकटाच. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, झाली नाही.

पोलीस ठाण्यात एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, होती, रात्रीच्या आरडाओरड्याबद्दल शेजाऱ्याने दिलेली. मुलीने एकदा पिंपरीहून ११२ लावला होता. गाडी आली, धाकटा म्हणाला ‘आईच भांडखोर आहे’, आजींनी मान हलवली, गाडी गेली. पोलीस पाटलांनी दोनदा समजूत घातली होती. त्यांच्या लेखी हा घरगुती मामला होता आणि धाकटा सरपंचांच्या भावकीतला.

तहसीलच्या संजय गांधी शाखेत दोघांचे हयातीचे दाखले वेळेवर जमा होते. कागदावर मायलेक सुखरूप होते.

प्रकरण समोर कसं आलं

मुलीने ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन केला. तिची तक्रार सुनेविरुद्ध होती: ‘ती माझ्या आईला उपाशी ठेवते.’ हेल्पलाइनच्या क्षेत्रीय कार्यकर्त्याने आमच्याशी संपर्क केला आणि आम्ही आरोग्य केंद्राकडे गेलो.

चौकशीला म्हणून घरी गेलो असतो तर धाकट्यासमोर आजी काहीच बोलल्या नसत्या. डॉक्टरांनी वेगळा रस्ता काढला. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी चालूच होती. सिस्टर आणि आशाताई यंत्र घेऊन त्या गल्लीतली सगळी घरं करत या घरी पोचल्या. धाकटा कारखान्यावर गेला होता. वजन करायचं म्हणून मोठ्याला गोठ्यातून बाहेर आणायला लावलं.

सुनेने स्वतःच दावं सोडलं. सिस्टर आजींचं बीपी घेत होती तेव्हा सून ओट्याजवळून हलक्या आवाजात म्हणाली, ‘मोजून पीठ देतो तो. त्यातलंच काढून मी यांना घालते.’ तिच्या दंडावरही जुने वळ होते. मुलीच्या तक्रारीतला आरोपी आणि घरातली वस्तुस्थिती इथे वेगळी झाली. तक्रारीवरच थांबलो असतो, तर कारवाई घरातल्या त्यातल्या त्यात कमी दोषी माणसावर झाली असती.

आजी म्हणाल्या, ‘माझं काय गं पोरी, पिकलं पान. पण याला टाकून मी कुठं जाऊ?’

धाकट्याचं म्हणणंही नोंदवायला हवं. मोठा एकदा भर दुपारी राज्य महामार्गावर सापडला होता, आणि मळ्यातल्या विहिरीला कठडा नाही. ‘मी शेत बघू का याला बघू?’ हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला दिवसभर सांभाळणारी एकही जागा तालुक्यात नाही. दावं हे त्याने काढलेलं उत्तर होतं. पण पगार खिशात घालणं, पीठ मोजून देणं आणि मनगट मोडणं यांना ते उत्तर लागू पडत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न गुन्ह्याचा. आजी फौजदारीला तयार नव्हत्या. मुलगा आत गेला तर ऊस कोण बघणार, हे त्यांचं सरळ गणित. स्वतःवरच्या मारहाणीबद्दल तक्रार करायची की नाही, हा त्यांचा निर्णय होता आणि तो आम्ही मानला. पण इथे पीडित दोन होते. मोठ्याला डांबून ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि आईने नको म्हटल्याने त्याच्यावरचा अन्याय पुसला जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ मध्ये ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. यावर आमच्यातच मतभेद झाले. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: दोन पीडितांच्या इच्छा एका कागदावर लिहू नयेत.

दुसरा पर्याय मोठ्याला प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवण्याचा. हे एका जबाबदार अधिकाऱ्याने सुचवलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता येतच नाही, त्यामुळे हा पर्याय लगेच बाद झाला. तरी तो दर वेळी कुणीतरी सुचवतंच.

तिसरा, वृद्धाश्रम. तिथे साठीच्या पुढच्यांनाच प्रवेश. मोठ्याला जिल्ह्याच्या ठिकाणी वेगळ्या वसतिगृहात ठेवावं लागलं असतं. ही मायलेकं कधीच वेगळी राहिलेली नाहीत. सुरक्षिततेच्या नावाखाली त्यांची ताटातूट हा आम्हाला सर्वांत घातक पर्याय वाटला, कारण दोघंही तिथून पळून घरीच आली असती.

चौथा, हक्कसोडपत्र रद्द करून घेणं. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २३ यासाठीच आहे, आणि गावात कुणालाही विचारलं तर ‘दावा ठोका, जमीन परत मिळते’ असं सांगतात. अडचण ही की सांभाळण्याच्या अटीवर हस्तांतरण झालं असलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हक्कसोडपत्राच्याच एका प्रकरणात ही अट दाखवावी लागेल असं सांगितलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि बक्षीसपत्र रद्द केलं, पण तिथे सांभाळण्याचं लेखी वचन होतं. आजींच्या दस्तात तसं एक अक्षर नव्हतं, वेगळा कागदही नव्हता. सगळी ताकद तिथे लावायची नाही असं ठरलं.

पाचवा, धाकट्याला घराबाहेर काढणं. त्याच्याबरोबर सून आणि नातवंडंही बाहेर गेली असती. सुनेचा राहत्या घरातला हक्क ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या आडून हिरावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलेलं आहे. आणि घरात आजींच्या बाजूचं सून सोडून कुणीच नव्हतं.

प्रांत कार्यालयातली बैठक

निराधार योजनेचा पगार तहसीलमधून मंजूर होतो. दिव्यांग कायद्याच्या कलम ७ खाली छळाची माहिती घेऊन सुटकेचा आदेश देणारे कार्यकारी दंडाधिकारी म्हणजेही तहसीलदार. ज्येष्ठांच्या निर्वाह न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली बौद्धिक अक्षम प्रौढाला पालक नेमणाऱ्या स्थानिक समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे महसूलच्या एकाच खांबावर या चारही खुंट्या आहेत. तरीही एका खुंटीवरचा कागद दुसरीवर आपोआप जात नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाला प्रौढांच्या संरक्षणासाठी संयुक्त मंडळ नेमणं बंधनकारक केलं. आपल्याकडे बालकांसाठी बाल कल्याण समिती आहे, प्रौढांसाठी तसं एक दार नाही. इथे बैठक झाली ती प्रांतांनी मनावर घेतलं म्हणून. आम्ही एकाच दिवशी दोन अर्ज दिले होते. कलम ७ खाली तहसीलदारांकडे संस्थेचा अर्ज, आणि आजींच्या अंगठ्याच्या अधिकारपत्रासह न्यायाधिकरणाकडे निर्वाहाचा अर्ज. दोन्हींच्या पहिल्याच परिच्छेदात दुसऱ्या अर्जाचा उल्लेख मुद्दाम केला होता. प्रांतांनी तो वाचला आणि तहसीलदार, ठाणेदार, वैद्यकीय अधिकारी, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकारी आणि दिव्यांग विभागाचा प्रतिनिधी यांना एका टेबलाशी बसवलं.

बैठक कंटाळवाणीच चालली होती. मोठ्याचं नाव वाचून दाखवलं तेव्हा दिव्यांग विभागाचे लिपिक म्हणाले, ‘या नावाची फाईल आमच्याकडे चालू आहे.’

धाकट्याने मोठ्याचा कायदेशीर पालक म्हणून स्वतःची नेमणूक मागितली होती. अर्ज पूर्ण होता. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, आईच्या संमतीचा अंगठा, सगळं जोडलेलं. समितीच्या पुढच्या सभेत तो बहुधा मंजूर झाला असता आणि सातबाऱ्यावरचं ते दुसरं नावही धाकट्याच्या हातात गेलं असतं. एनसी, केसपेपर, आशाताईने पाहिलेला घोटा, यातलं काही त्या फाईलला माहीत नव्हतं. आजींना नंतर विचारलं, तर तो अंगठा रेशनच्या कामासाठी घेतल्याचं त्यांना सांगितलं होतं.

ठाणेदारांनी तिथेच वही उघडून एनसीचा क्रमांक लिपिकांना दिला. इतक्या साध्या कृतीने फाईल थांबली.

काय केलं

दोन दिवसांत तहसीलदारांचा आदेश निघाला. महिला अंमलदार, डॉक्टर आणि आमची कार्यकर्ती गावात गेले. गाडी साधी नेली, गर्दी होऊ दिली नाही. मोठ्याची तपासणी झाली: घोट्याला दोरीच्या जुन्या-नव्या जखमा, रक्तक्षय, वजन फार कमी. या अहवालावर बेकायदा डांबून ठेवण्याचा आणि कलम ९२ चा गुन्हा दाखल झाला. या गुन्ह्यांची शिक्षा सात वर्षांच्या मर्यादेतली असल्याने अटक न करता धाकट्याला हजर राहण्याची नोटीस दिली. आजींचा जबाब ठाण्यावर न बोलावता त्या होत्या तिथेच नोंदवला. साठीच्या वरच्यांना आणि महिलांना तशी मुभा कायद्यानेच आहे, ती मागावी लागू नये.

मायलेक काही आठवडे मुलीकडे पिंपरीला राहिली. दोन खोल्यांत सहा माणसं. मोठा रोज सकाळी म्हैस शोधायचा.

याच काळात तहसीलच्या पुरवठा शाखेने दोघांची शिधापत्रिका वेगळी केली, अंत्योदयमध्ये. महिन्याला ३५ किलो धान्य त्यांच्या स्वतःच्या नावावर. माझ्या मते साऱ्या प्रकरणात सर्वाधिक फरक या कागदाने पडला. धाकट्याची सत्ता पिठाच्या डब्यावर होती, तो डबाच वेगळा झाला. पगाराची खाती टपाल खात्याच्या बँकेत नेली आणि आधार तिथे जोडलं. आता पोस्टमन घरी येतो आणि पैसे आजींच्या हातात मोजून देतो.

न्यायाधिकरणाने आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवलं. धाकट्याने बहिणीलाही पक्षकार करायला लावलं. कायद्यात ती सोय आहे आणि त्याचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं. शेवटी धाकट्याने दरमहा ४००० आणि मुलीने १००० द्यावेत, घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि गोठ्याची वाट मायलेकांच्या ताब्यात राहावी, असा आदेश झाला. कायद्यातली कमाल मर्यादा १०,००० आहे. हा सगळा व्यवहार नोटिशीपासून ९० दिवसांत संपायला हवा होता. तसा तो संपला नाही.

पालकत्वासाठी बहिणीने अर्ज केला. समितीने घरभेट घेऊन तिची नेमणूक केली. पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते. यादीत मोठ्याच्या जमिनीचा हिस्सा पहिल्यांदाच कुणीतरी लिहिला.

संरक्षण अधिकारी सुनेला वेगळ्या भेटल्या. तिने अर्ज दिला नाही. नंबर ठेवून घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

मनगट मोडलं तेव्हा. नातेवाइकाला दोन मिनिटं बाहेर थांबवून आजींना एकटं विचारायला हवं होतं. पुढचे कित्येक महिने तिथेच वाचले असते. रुग्णालयात त्यासाठी नवा कर्मचारी लागत नाही, पडदा पुरतो.

११२ ची गाडी गेली त्या रात्री गोठा पाहिला गेला नाही. तक्रार आईबद्दल होती, म्हणून पाहणीही आईचीच झाली. एका घरात दुसरा परावलंबी माणूस आहे का, हा प्रश्न त्या भेटीत असता तर दावं तेव्हाच दिसलं असतं.

हयातीचा दाखला घेताना माणूस समोर येतो. निराधार शाखेला वर्षातून एकदा मिळणारी ही खरी संधी आहे. अंगठा कोण देतो एवढंच न बघता, पैसे शेवटी कुणाच्या खिशात जातात हे विचारता येईल.

आशाताईला गावातच राहायचं असतं. तिचं नाव अर्जात नको, असं आम्ही ठरवलं आणि घोट्याची नोंद डॉक्टरांच्या अहवालातून आणली. तरी गावाला कळलंच, आणि काही घरांनी तिला दारात उभं करणं बंद केलं. माहिती देणाऱ्या स्थानिक माणसाचं पुढे काय होतं, हे बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हतं. असायला हवं होतं.

आणि मोठ्याला कुठे राहायचंय, हे त्याला फार उशिरा विचारलं गेलं. कलम ७ मध्ये संरक्षणात्मक ताबा त्या व्यक्तीची इच्छा असेल तरच द्यायचा आहे. सगळ्यांचं ठरून गेल्यावर संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याच्याजवळ बसून विचारलं. त्याने दोन शब्द सांगितले, ‘आई’ आणि ‘म्हस’. संपूर्ण पालकत्वाऐवजी फक्त जमीन आणि बँकेपुरता आधार पुरेसा होता का, यावर समितीत चर्चाच झाली नाही. २०१६ चा कायदा मर्यादित पालकत्वाची, म्हणजे त्या व्यक्तीबरोबर मिळून निर्णय घेण्याची कल्पना मांडतो. कार्यालयांचे छापील नमुने अजून जुनेच आहेत.

सध्याची स्थिती

मायलेक पुढच्या दोन खोल्यांत राहतात. मोठ्याचं वजन वाढलं आहे आणि म्हशीचं काम पुन्हा त्याच्याकडे आहे. विहिरीला ग्रामपंचायतीने पत्र्याचा आडोसा करून दिला. दिवसा सोय करणारी जागा तालुक्यात अजून नाही, त्यामुळे आजी आजारी पडल्या की सूनच त्याच्यावर लक्ष ठेवते. धाकटा निर्वाहाचे पैसे सुरुवातीला वेळेवर भरायचा, आता तुटक भरतो. वसुलीचा अर्ज न्यायाधिकरणापुढे आहे. फौजदारी खटला सुरू व्हायचा आहे. हक्कसोडपत्र तसंच आहे.

गेल्या हंगामात उसाचं पूर्ण बिल नेहमीप्रमाणे एकट्या धाकट्याच्या खात्यावर जमा झालं. मोठ्याच्या हिश्श्याची रक्कम वेगळी काढावी म्हणून बहिणीने पालकत्वाचा आदेश आणि सातबारा जोडून कारखान्याच्या शेतकी विभागाकडे अर्ज दिला आहे. वाटणीचा आदेश आणा, असं तिला तोंडी सांगण्यात आलं. वाटणीचा अर्ज आता तहसीलदारांकडे आहे.